यात्रा-मेळाव्यांचे चलच्चित्रण : सव्वाशे वर्षांचा मागोवा

आपल्या मंडळाचा वार्षिक मेळावा पार पडला की पंधरवड्याच्या आत कार्यकारिणीची बैठक भरते. जमाखर्च वाचला जातो, आभाराचे ठराव होतात, आणि मग अध्यक्षमहाराज ‘पुढील वर्षी काय सुधारावे’ हा विषय पुकारतात. येथून पुढे जो तो आपापल्या आठवणीप्रमाणे बोलू लागतो. पंगत फार उशिरा बसली, असे एक गृहस्थ म्हणतात. छे, ती अगदी वेळेवर बसली, असे दुसरे ठासून सांगतात. दोघेही सत्यवचनीच असतात. एक पहिल्या पंगतीला जेवलेले असतात व दुसरे चौथ्या, एवढाच काय तो फरक.

गतवर्षीच्या बैठकीत हा वाद मिटविण्यासाठी एका तरुण सभासदाने मेळाव्याचे व्हिडिओ चित्रण लावून पाहण्याची सूचना केली. ती सर्वांनाच पटली. चित्रण तीन तासांचे होते. त्यात पाहुण्यांचे आगमन होते, दीपप्रज्वलन होते, सत्कार, शाल-श्रीफळ, गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके, झाडून सारी भाषणे होती. नव्हते ते एवढेच : प्रवेशद्वार, पाणपोई आणि पंगत. ज्या गोष्टींसाठी चित्रण पाहावयास बसलो त्यांच्याकडे तीन तासांत कॅमेऱ्याने एकदाही मान वळविली नव्हती. प्रस्तुत लेखकाचा सारा जन्म इतिहास शिकविण्यात गेला; तेव्हा हे असे का व्हावे याचा मागोवा घेण्याची इच्छा झाली. त्याचे फलित ज्ञातिबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

चलच्चित्रे आपल्याकडे प्रथम दाखविली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंचे ते खेळ होते. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सर्वांचे सावेदादा, यांना या विद्येचे वेड लागले. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे चित्रण केले. फीत धुण्याची सोय येथे नसल्यामुळे ती इंग्लंडला पाठवावी लागली. मराठी माणसाने घेतलेले हे पहिले चलच्चित्र कुस्तीचे असावे, याचा आपल्या भागातील वाचकांस विशेष आनंद वाटेल. कारण शिरूर काय नि दौंड काय, हगाम्यावाचून गावची यात्रा पुरी झाली असे आपण आजही मानीत नाही. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजपे यांच्या स्वागताचे चित्रही सावेदादांनीच टिपले. कुस्ती व सत्कार : चित्रणाचे हे दोन विषय तेव्हापासून जे ठरले ते आजतागायत कायम आहेत.

दादासाहेब फाळके यांचे नाव ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ सालच्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे १९१२ सालचे एक लहानसे चित्र अधिक मोलाचे आहे. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्यासमोर त्यांनी कॅमेरा रोखला, थोड्याथोड्या अवकाशाने एकेक चौकट घेतली, आणि सुमारे महिनाभराची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ते ओळखले जाते. हे चित्र दाखवून त्यांनी भांडवल मिळविले; म्हणजे एका अर्थी ती जाहिरात होती. पण जे डोळ्यांना कधीच दिसत नाही ते कॅमेरा दाखवू शकतो, हा शोधही त्यातच दडलेला होता. पैकी जाहिरातीचा गुण आपण तत्काळ उचलला. दुसरा गुण ध्यानात येण्यास पाऊणशे-शंभर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात सिनेमा यात्रेकडे गेला तो प्रेक्षक गोळा करण्यासाठी. तंबूचे सिनेमे मालमोटारीत यंत्र व कनाती घालून गावोगावच्या यात्रांच्या तिथींप्रमाणे फिरत. कोणत्या गावचा छबिना कोणत्या अष्टमीला निघतो हे त्यांच्या मालकांना ग्रामस्थांइतकेच तोंडपाठ असे. ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकांनी आयुष्यातील पहिला चित्रपट अशाच तंबूत जमिनीवर बसून पाहिला असेल. १९४८ मध्ये सरकारची फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली व मुख्य चित्रपटाआधी वृत्तचित्र दाखविणे थिएटरवाल्यांना बंधनकारक झाले. त्यामुळे खेड्यातील माणसाला दिल्लीचे प्रजासत्ताकदिनाचे संचलन दिसू लागले. परंतु त्याच्या स्वतःच्या गावची यात्रा पडद्यावर येणे दूरच राहिले.

ती आली व्हिडिओ कॅसेटमुळे. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट जपानात १९७६ साली निघाली. आपल्या देशात १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि त्यापाठोपाठ व्हिडिओ पसरला. लग्नमंडपात डोळे दिपविणारा दिवा घेतलेला एक मनुष्य व त्याच्या पुढे कॅमेरा खांद्यावर घेतलेला दुसरा, हे दृश्य आपल्या तालुक्यांतही रूढ झाले. कॅमेरेवाल्यास पैसे यजमान देई. तेव्हा यजमान, व्याही आणि पुढारी यांचीच चित्रे त्यात असत. व्यासपीठाकडे तोंड व जनतेकडे पाठ, ही कॅमेऱ्याची बैठक या काळात पक्की झाली. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. जे मागितले ते त्याने दिले.

मंडळाच्या कपाटात अशा तीन जुन्या कॅसेटी सापडल्या. दोहोंना बुरशी लागून त्या वाया गेल्या आहेत. तिसरीविषयी पुढे सांगेन.

कॅमेऱ्याची मान वळली ती मात्र फार मोठी किंमत दिल्यानंतर. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्यू पावले. दीड वर्षही लोटले नाही तोच, २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत जवळजवळ तीनशे माणसे गेली. त्या डोंगरावर आपल्या जिल्ह्यातूनही पुष्कळ लोक जातात. अनर्थ नेमका कसा घडला? नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या म्हणून, दुकानांना आग लागली म्हणून, विजेचा धक्का बसल्याची हाकाटी उठली म्हणून, असे जो तो सांगे. न्यायमूर्ती कोचर यांच्या आयोगापुढे साक्षी झाल्या. आमच्या बैठकीतील पंगतीच्या वादाला हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की मोठ्या यात्रेतही प्रत्येक साक्षीदाराला आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून दिसते तेवढेच दिसते.

याच सुमारास परदेशात घडलेली एक गोष्ट या विषयाच्या इतिहासात निर्णायक ठरली. मक्केजवळ मिना येथे हाजयात्रेत सैतानाला खडे मारण्याचा विधी असतो. १२ जानेवारी २००६ रोजी तेथील जमारात पुलाच्या तोंडाशी साडेतीनशेच्या आसपास यात्रेकरू चेंगरून मेले. पुलावर कॅमेरा होता. डर्क हेल्बिंग व अँडर्स योहान्सन या संशोधकांनी सौदी अधिकाऱ्यांच्या साहाय्याने ते चित्रण चौकटीमागून चौकट असे तपासले व आपले निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की गर्दी प्रथम संथ व सारखी वाहत होती. नंतर ती थांबत, पुन्हा चालत, पुन्हा थांबत, अशा लाटांनी सरकू लागली. आणि शेवटी धरणीकंपात जमीन हलावी तशी माणसे वाटेल त्या दिशेला ढकलली जाऊ लागली. पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत गर्दी गेली ती अनर्थाच्या सुमारे अर्धा तास आधी. गर्दीत असणाऱ्याला हे कळणे शक्य नव्हते. वरून पाहणाऱ्याला कळण्याजोगे होते. पुढील वर्षाच्या हाजमध्ये जाण्या-येण्याचे मार्ग एकेरी करण्यात आले व जथ्यांना वेळा बांधून दिल्या. जुना पूल पाडून त्या जागी मजल्यांचा प्रशस्त पूल उभारण्यात आला. तथापि कॅमेरा म्हणजे काही गंडा-ताईत नव्हे. २०१५ साली त्याच मिनेत, पुलापासून दूर एका रस्त्यावर, पुन्हा शेकडो माणसे प्राणास मुकली.

नाशिकचा पुढचा सिंहस्थ २०१५ साली आला, तेव्हा घाटांवर व रस्त्यांवर कॅमेरे आणि त्यांवर लक्ष ठेवणारा नियंत्रणकक्ष होता. बारा वर्षांपूर्वीसारखा अनर्थ घडला नाही. त्याचे सारे श्रेय कॅमेऱ्याला देणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल; नवे घाट, निराळे मार्ग आणि पोलिसांचे कष्ट यांचा वाटा त्यात मोठा होता. उलट पहिल्या पर्वणीस बंदोबस्त इतका आवळला गेला की भाविकांना मैलोगणती चालावे लागले, आणि पुढच्या पर्वणीस तो सैल करावा लागला. पण दोन पर्वण्यांमधल्या पंधरवड्यात चूक ओळखून सुधारता येते, हीच गोष्ट पूर्वी नव्हती.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे वळू.

तुकाराममहाराजांच्या पालखीचा सोहळा त्यांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केला. ही पालखी लोणी काळभोरनंतर दौंड तालुक्यात शिरते; यवत व वरवंड येथे मुक्काम करून, पाटसवरून रोटीचा घाट चढून बारामतीकडे जाते. यवतचे पिठले-भाकरीचे जेवण वारकऱ्यांत प्रसिद्ध आहे. रोटीच्या घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, आणि तो चढ चढणाऱ्या रथाचे ड्रोनने टिपलेले चित्र अलीकडे दर आषाढवारीत घरोघरी पाहिले जाते. जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनी छायालेखक हेनिंग श्टेगम्यूलर यांच्यासह वारीवर चित्रपट केला तेव्हा ड्रोन नव्हते. माणसाबरोबर पायी चालूनच कॅमेरा नेला जाई. त्या चित्रणातला जिव्हाळा आजच्या आकाशातील चित्रात नाही, असे माझे मत आहे. पण दिंड्यांमध्ये अंतर किती पडते, रथ अडला की मागची ओळ कुठवर तुंबते, पाण्याचे टँकर कोठे अडकतात, हे मात्र आकाशातूनच दिसते. तारीख तिथीप्रमाणे बदलते, अधिक मासाने पुढे जाते. जागा मात्र तीच राहते. म्हणूनच एका वर्षाचे चित्र दुसऱ्या वर्षाच्या चित्राशेजारी ठेवून पाहता येते. अर्थात जागाही बदलते कधीकधी. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाचा पायाभरणी समारंभ पंढरपुरी झाला. त्यानंतर पाटसपासून पुढचा रस्ता पूर्वीचा राहिला नाही, आणि जुन्या अरुंद रस्त्याची चित्रे नव्या रस्त्याच्या नियोजनास फारशी लागू पडत नाहीत.

शिरूर तालुक्यातील कथा निराळी व अधिक चमत्कारिक आहे. पाबळ, केंदूर, कवठे येमाई या पट्ट्यात यात्रा म्हणजे बैलगाड्यांचा घाट. पुढे घोडी, मागे चार बैलांचा गाडा, निशाण पडताच घाटात उधळलेली धूळ आणि सेकंदाच्या अंशावरून होणारी भांडणे, हे ज्याने पाहिले नाही त्याला शब्दांनी सांगणे कठीण. या शर्यतींवर गदा आली तिला प्राण्यांच्या हालाची छायाचित्रे व पाहणी-अहवाल यांचा आधार होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. चित्राने शर्यत बंद पाडली असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. आणि बैलाला काठी, खिळा वा विजेचा धक्का देणारे आपल्यातही होते, हे शर्यतशौकिनांनी प्रांजळपणे कबूल करावे. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, उच्च न्यायालयाने ती रोखली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शासनाच्या नियमांत धाव १००० मीटरांहून अधिक नसावी, बैलांची पशुवैद्याकडून तपासणी व्हावी, या अटींबरोबरच संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनास सादर करण्याची जबाबदारी आयोजकांवर आहे. जो कॅमेरा फिर्यादीच्या बाजूने उभा होता तोच आता यात्रा कमिटीचा साक्षीदार झाला.

याचा परिणाम कमिट्यांच्या कामावर झाला आहे. पुढील वर्षी परवानगी हवी असेल तर या वर्षीचे चित्र निर्दोष पाहिजे, म्हणून कठड्याबाहेर प्रेक्षक राहतील अशी व्यवस्था पंच मंडळी आधीपासून करतात. आणि तेच चित्रण मोबाइलवर फिरून यात्रेची दवंडीही पिटते. पूर्वी तमाशाची सुपारी देण्यासाठी पंच नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन फडाचा लौकिक कानांनी ऐकून येत. आता फडाचा मागचा खेळ हातातल्या पडद्यावर पाहून बोलणी होतात. यात एक तोटाही आहे. यात्रेला गावी येणारा चाकरमाना आता पिंपरी-चिंचवडच्या खोलीत बसून घाट पाहू लागला आहे. २०२० व २०२१ या महामारीच्या दोन वर्षांत, पादुका एसटीच्या बसमधून पंढरीस गेल्या, तेव्हा घरी बसून पाहण्यावाचून गत्यंतरच नव्हते. ती सवय काहींची गेली नाही.

१ जानेवारीस भीमेकाठी पेरणे येथील जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जो अफाट समुदाय जमतो, त्याचाही उल्लेख केला पाहिजे, कारण पलीकडचे कोरेगाव आपल्याच शिरूर तालुक्यातले. २०१८ साली तेथे जो हिंसाचार झाला त्याने सर्वांचीच मान खाली गेली. २०१९ पासून कॅमेरे, ड्रोन, शिक्रापूर व लोणीकंद बाजूंना वाहनतळ आणि तेथून बसगाड्या, अशी व्यवस्था प्रशासनाने बसविली व ती वर्षागणिक सुधारत नेली. शेजारधर्म म्हणून आपल्या सभासदांनीही त्या दिवशी पाणी व अल्पोपाहार देण्याचे काम अंगावर घ्यावे, अशी माझी सूचना आहे.

आता ती तिसरी कॅसेट. शिरूरच्या एका स्टुडिओवाल्याने ती मोठ्या खटपटीने संगणकावर उतरवून दिली. त्यात नेहमीची भाषणे आहेतच. परंतु जेवणाच्या वेळी छायाचित्रकाराने यंत्र बंद न करता खुर्चीवर ठेवलेले दिसते. कारण पुढील वीस मिनिटे कॅमेरा एकटाच मंडपाच्या मागच्या दाराकडे पाहत आहे. हात धुण्याचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचे पिंप एकाच खांबाशी आहेत. जेवून उठलेले व जेवावयास निघालेले तेथे एकमेकांना अडतात, आणि घागरी घेतलेल्या आपल्या भगिनींना त्या घोळक्यातून चार चार वेळा वाट काढावी लागते. कोणी भाषण करीत नाही. आज हयात नसलेली पुष्कळ माणसे त्या वीस मिनिटांत येतात-जातात. एका वृद्ध भगिनीने आपल्या यजमानांना पाठमोरे ओळखले व ते चित्र पुन्हा दोनदा लावावयास सांगितले. गतवर्षीची पंगत का रखडली याचेही उत्तर तेथेच मिळाले, कारण नळ आणि पिंप अजून त्याच पद्धतीने शेजारी शेजारी मांडले जात होते!

एक प्रश्न मात्र बिकट आहे. वधू-वर परिचयाच्या कार्यक्रमाचे चित्रण मंडळाच्या प्रसिद्धीसाठी म्हणून पाठविले गेले आणि ते हातोहात कोठल्या कोठे पोहोचले. एका कन्येचा विवाह अन्यत्र ठरल्यावरही तिचे परिचयाचे चित्र फिरत राहिले. तिच्या वडिलांनी बैठकीत जे कठोर शब्द वापरले ते आम्ही ऐकून घेतले, कारण ते योग्य होते. यावर कार्यकारिणीने असे ठरविले आहे की परिचयाच्या कार्यक्रमाचे चित्रण यापुढे होणार नाही. प्रवेशद्वार, पंगत व वाहनतळ यांकडे तोंड करून एक कॅमेरा खांबावर उंच बांधला जाईल, आणि ते चित्रण केवळ नियोजनाच्या बैठकीत पाहिले जाईल. बैठकीनंतर ते पुसून टाकावे असे काहींचे म्हणणे पडले. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांचे बरोबर आहे. पण ती वीस मिनिटे पाहिल्यानंतर मला त्या ठरावाला हात वर करता आला नाही. मतभेद नोंदवून विषय पुढील सभेपुढे ठेवला आहे. सभासदांनी आपले मत लेखी कळवावे.

ज्यांच्या घरी मंडळाच्या जुन्या मेळाव्यांच्या कॅसेटी असतील त्यांनी त्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह टाळावा, कारण बुरशी लागलेली फीत तुटते. कोरड्या कापडात गुंडाळून त्या चिटणिसांकडे पोहोचत्या कराव्यात. उतरवून घेण्याचा खर्च मंडळ करील व मूळ कॅसेट परत मिळेल.